कॉम्प्रेसर उतरविण्यापूर्वी हिशोब मांडा

धंदेवाईक माणसाची गाडी ही निव्वळ सवारी नसते. ती त्याचे फिरते दुकान असते. मालाचे नमुने, बिलबुके, बरोबर एखादा गिऱ्हाईक किंवा दलाल, आणि बाहेर खानदेशातील मे महिन्याचे ऊन. अशा वेळी गाडीतील वातानुकूलन बंद पडले की चैन गेली असे कोणी म्हणत नाही, काम अडले असेच म्हणतात. गाडी कारागिराकडे जाते, तो बॉनेट उघडतो, इंजिन चालू करतो, एक नजर टाकतो आणि सांगतो, "शेठ, कॉम्प्रेसर गेला." पुढे जो आकडा तो सांगतो तो ऐकून घाम पुन्हा फुटतो.

मग मनात विचार येतो की हे काम घरीच का करू नये? चार बोल्ट, एक पट्टा, दोन नळ्या आणि एक वायरीचा जोड. हा विचार चुकीचा नाही. कॉम्प्रेसर उतरविणे हे काम खरोखरच एवढेच आहे, आणि हातात पाना धरण्याची सवय असलेला माणूस ते अंगणात दोन-तीन तासांत करू शकतो. परंतु त्या चार बोल्टांच्या आधी एक काम आहे आणि नंतर एक काम आहे. नफा-नुकसान या दोन कामांत ठरते, बोल्टात नाही. ही गोष्ट आम्ही पैसे मोजून शिकलो आहोत. तेव्हा आजच्या धड्यात आम्ही ही तिन्ही कामे क्रमाने मांडीत आहोत.

यंत्र काय करते?

कॉम्प्रेसर थंडी तयार करीत नाही. तो डॅशबोर्डामागील जाळीतून, म्हणजे इव्हॅपोरेटरमधून, कमी दाबाचा वायू ओढतो, त्याला दाबतो आणि पुढे ढकलतो. दाबल्याने वायू तापतो. हा तापलेला वायू रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये जाऊन बाहेरच्या हवेला उष्णता देतो आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून गाळला जातो. ड्रायर म्हणजे ओलावा शोषणारी एक लहान बाटली; अलीकडच्या गाड्यांत ती कंडेन्सरच्याच बाजूला जोडलेली असते. तेथून तो द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून एकदम मोकळ्या जागेत येतो, उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता गाडीच्या आतील हवेतून घेतो. आपल्याला थंडावा मिळतो तो या उकळण्यामुळे.

यातील दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कॉम्प्रेसर फक्त वायू दाबू शकतो. त्याच्या पोटात द्रव किंवा जास्त तेल साचले आणि तो फिरविला तर तो मोडतो, कारण द्रव दबत नाही. दुसरी, कॉम्प्रेसरचे तेल इंजिनाच्या तेलासारखे एका जागी साठून राहत नाही. ते वायूबरोबर सर्व नळ्यांतून फिरते. म्हणून तेलाचा हिशोब एकट्या कॉम्प्रेसरचा नसतो, सगळ्या यंत्रणेचा असतो.

इतिहासातील एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९३९ साली कारखान्यातूनच वातानुकूलन बसविलेली मोटार जाहीर केली. त्या यंत्रात क्लच नव्हता. इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर फिरतच राही, आणि तो कायमचा थांबवावयाचा तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून हाताने पट्टा काढावा लागे. आज हेच काम पुलीच्या तोंडावर बसविलेला विजेचा क्लच करतो. बटण दाबले की लोहचुंबक ताटली ओढून घेतो, टक् असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. हा टक् आवाज म्हणजे रोग ओळखण्याची पहिली खूण आहे.

आधी रोग ओळखा

"कॉम्प्रेसर गेला" हे वाक्य ऐकताच पाना उचलू नये. पुष्कळ वेळा कॉम्प्रेसर शाबूत असतो आणि दोष दुसरीकडेच असतो.

टक् आवाजच येत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा, मग रिले पाहावा. शेजारच्या कामाचा तशाच नमुन्याचा रिले अदलून पाहिला तरी उत्तर मिळते. त्यानंतर क्लचच्या वायरीवर मीटर लावावा. ए.सी. चालू असताना तेथे सुमारे १२ व्होल्ट येत असतील आणि तरी क्लच ओढत नसेल तर दोष क्लचचा आहे. जोड काढून क्लचच्या गुंडाळीचा रोध मोजावा. तो साधारण ३ ते ५ ओहम येतो. मीटर काहीच दाखवीत नसेल तर गुंडाळी जळाली. अशा वेळी जागा मिळत असेल तर नुसता क्लच बदलता येतो. त्यासाठी गॅस काढावा लागत नाही आणि कॉम्प्रेसरही उतरवावा लागत नाही.

वायरीवर वीजच येत नसेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी आहे. यंत्रणेत दाबाचा एक स्विच असतो. गॅस गळून दाब फार उतरला की हा स्विच क्लचची वीज तोडतो, कारण गॅस नसला की तेलही फिरत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासला जातो. म्हणजे येथे कॉम्प्रेसर गेलेला नाही, त्याला वाचविण्यासाठी थांबविलेला आहे. अशा गाडीचा कॉम्प्रेसर बदलणे म्हणजे पहारेकऱ्याने दार लावले म्हणून घरच विकून टाकणे होय.

आवाजावरूनही पारख होते. ए.सी. बंद असताना घरघर येते आणि चालू केल्यावर कमी होते, तर पुलीचे बेअरिंग संशयित. ए.सी. चालू करताच खडखड सुरू होते आणि बंद करताच थांबते, तर दोष कॉम्प्रेसरच्या पोटात. पुलीमागे, शाफ्टच्या तोंडाशी तेलकट काळी धूळ चिकटलेली असेल तर सील गळत आहे. क्लचची पुढची ताटली हाताने फिरत नसेल, अडकलेली असेल, तर मात्र कॉम्प्रेसर जाम झाला हे नक्की. या शेवटच्या तीन प्रकारांतच तो उतरविण्याची वेळ येते.

गॅस मोकळा सोडू नये

आता बोल्टांच्या आधीचे काम. नळी सोडण्यापूर्वी यंत्रणेतील गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यावा. हे काम घरी होत नाही. ज्या ए.सी. कारागिराकडे किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये हे मशीन आहे तेथे गाडी न्यावी, गॅस काढून घ्यावा, ए.सी.चे बटण बंद ठेवून आणि क्लचचा जोड काढून गाडी घरी आणावी. क्लचच्या गाडीत पुली नुसती मोकळी फिरत राहते, नुकसान होत नाही. पुली हलत नसेल, जाम असेल, तर पट्टा जळतो. म्हणून अशी गाडी ओढून न्यावी.

नळी थोडी ढिली करून गॅस फुस्स करून सोडून देण्याची वाईट सवय सर्वत्र आहे. ती का वाईट, याची कारणे वाचकांनी समजून घ्यावीत.

पहिले कारण दाबाचे. सध्याच्या बहुतेक जुन्या-नव्या गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. ३५ अंश तापमानात, इंजिन बंद असतानाही, यंत्रणेत सुमारे ११५ पौंडांचा दाब असतो. गाडीच्या चाकात आपण ३० पौंडांच्या आसपास हवा भरतो, म्हणजे हा दाब चाकाच्या जवळजवळ चौपट झाला.

दुसरे कारण थंडीचे. हा द्रव मोकळ्या हवेत उणे २६ अंशाला उकळतो. त्याची चिळकांडी बोटांवर आली तर कातडी गोठते, डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते.

तिसरे कारण श्वासाचे. हा वायू हवेपेक्षा जड आहे. बंद गॅरेजमध्ये किंवा गाडीखालच्या खड्ड्यात तो साचतो आणि श्वासाची हवा बाजूला सारतो. विडी, शेगडी किंवा वेल्डिंगच्या ज्वालेशी त्याची गाठ पडली तर त्यातून विषारी वायू निघतात.

चौथे कारण सर्वांच्या डोक्यावरील आकाशाचे. पूर्वी गाड्यांत आर-१२ असे. तो १९२८ साली थॉमस मिजली यांच्या प्रयोगांतून पुढे आला. जळत नाही, विषारी नाही, म्हणून सर्वांनी त्याला डोक्यावर घेतले. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखविले की हाच वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला, आणि १९९५ साली या दोघांना पॉल क्रुट्झेन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. आर-१२ च्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावीत नाही, परंतु पृथ्वी तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट भारी आहे. म्हणूनच २०१६ सालच्या किगाली दुरुस्तीत अशा वायूंचा वापर उतरविण्याचे ठरले. भारताने तिला २०२१ साली मान्यता दिली असून आपली कपात २०३२ पासून सुरू व्हावयाची आहे.

हा हिशोब घरगुती मापात मांडू. लहान मोटारीत सुमारे ४०० ग्रॅम गॅस असतो. तो हवेत सोडला तर परिणाम साधारण ५७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतका होतो. एक लिटर पेट्रोल जाळल्याने सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक फुस्स बरोबर सुमारे २५० लिटर पेट्रोल, आणि तेही गाडी एक हातभर न हलविता जाळलेले.

पाचवे कारण खास व्यापाऱ्याचे आहे. मशीनवाल्याला विचारावे की किती ग्रॅम गॅस निघाला? तो आकडा लिहून घ्यावा. बॉनेटखाली एक चिठ्ठी चिकटविलेली असते, तिच्यावर गॅसचा प्रकार आणि वजन छापलेले असते. चिठ्ठी ४०० म्हणत असेल आणि निघाला १५० असेल, तर २५० ग्रॅम कोठे तरी गळाला आहे. ती गळती सापडल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर बसवून उपयोग नाही. बंद गाडीचा नुसता दाब पाहून हे कळत नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तोच दिसतो, कारण तो तापमानावर ठरतो, मालावर नाही. ठाण हातात धरून मीटर सांगता येत नाहीत, मोजावेच लागतात. गॅसचेही तसेच आहे, तो वजनानेच कळतो.

जागा आणि हत्यारे

जागा सपाट, सावलीची आणि मोकळ्या हवेची असावी. गाडी खालून उघडावी लागणार असेल तर नुसत्या जॅकवर उभी करून तिच्याखाली कधीही जाऊ नये. जॅकने उचलावी, दोन भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवावी, मागील चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, आणि खाली जाण्यापूर्वी गाडी हाताने हलवून पाहावी. मुलांना अंगणातून दूर ठेवावे.

हत्यारांत १०, १२ आणि १४ नंबरचे रिंग पाने आणि सॉकेट, रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, शक्य तर टॉर्क पाना, डोळ्यांना चष्मा, हातमोजे, मिलिलिटरच्या खुणा असलेला स्वच्छ मापाचा पेला, नळ्यांची तोंडे बंद करण्यासाठी प्लास्टिकची बुचे किंवा स्वच्छ पिशव्या व रबरबँड एवढे असावे. सामानात नव्या ओ-रिंगा आणि कॉम्प्रेसरवर लिहिलेल्या प्रकाराचे तेल. आर-१३४ए च्या गाड्यांना बहुधा पॅग जातीचे तेल लागते. त्याचेही घट्ट-पातळ प्रकार आहेत, म्हणून लेबल वाचूनच घ्यावे. हे तेल हवेतील ओलावा झपाट्याने पिते. सुट्टे, उघड्या बाटलीतील तेल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

उतरविण्याचा क्रम

येथे आम्ही इंजिन आडवे बसविलेली साधी लहान मोटार समोर धरली आहे. अशा गाड्यांत कॉम्प्रेसर बहुधा इंजिनाच्या पुढच्या बाजूस, खालच्या अंगाला असतो. आपल्या गाडीच्या पुस्तकात काही वेगळे असेल तर पुस्तकाचे ऐकावे.

१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची ऋण तार सोडून बाजूला बांधून ठेवावी. रेडिओचा सांकेतिक आकडा लागत असेल तर तो आधीच हाताशी असावा.

२) पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचे कागदावर चित्र काढावे किंवा मोबाईलवर फोटो घ्यावा. जुना पट्टा पुन्हा वापरावयाचा असेल तर त्याच्या फिरण्याच्या दिशेचा बाण खडूने काढावा.

३) ताणाची पुली किंवा तिचा बोल्ट ढिला करून पट्टा उतरवावा. पट्ट्याला बारीक चिरा असतील तर तो आताच बदलावा, मजुरी तीच लागते.

४) क्लचचा वायरीचा जोड खटका दाबून काढावा. वायर धरून ओढू नये.

५) नळ्यांच्या जोडाभोवतीची धूळ ब्रशने व फडक्याने साफ करावी. आत गेलेला एक खडाही पुढे व्हॉल्व्हचे छिद्र बंद करू शकतो.

६) आता चष्मा आणि हातमोजे चढवावेत. कॉम्प्रेसरवर दोन नळ्या असतात. जाड नळी वायू आणणारी, बारीक नळी वायू नेणारी. गॅस काढलेला असला तरी तेलात विरघळलेला थोडा वायू नंतर बाहेर पडून दाब धरतो. म्हणून प्रत्येक नळीचा बोल्ट अर्धा आटा सोडावा, थांबावे, कान द्यावा. बारीक सुस्कारा येऊन बंद झाला तर ठीक. फुत्कार चालूच राहिला तर बोल्ट पुन्हा आवळून गाडी परत मशीनवर न्यावी.

७) बोल्ट पूर्ण काढून नळी सरळ बाहेर ओढावी. अडकली तर हलकेच डावी-उजवीकडे हलवावी, पण मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये. ॲल्युमिनियमच्या तोंडावर एक ओरखडा आला की तेथून गॅस कायम गळतो.

८) नळ्यांची आणि कॉम्प्रेसरची चारही तोंडे त्याच क्षणी बंद करावीत. चहा पिऊन येऊन बंद करू असे म्हणू नये. पावसाळी हवेत तर अर्ध्या तासातही तेल पुरेसा ओलावा पिते.

९) कॉम्प्रेसर इंजिनाला तीन किंवा चार बोल्टांनी धरलेला असतो. सर्व बोल्ट प्रथम थोडे थोडे ढिले करावेत. मग एक वरचा सोडून बाकीचे काढावेत. वजन चार ते सात किलो असते, म्हणून शेवटचा बोल्ट काढताना दुसऱ्या माणसाने खालून हात धरावा. कॉम्प्रेसर निसटून रेडिएटरवर किंवा कंडेन्सरवर आदळला तर एका दुरुस्तीच्या दोन होतात.

१०) कोणता बोल्ट कोठला हे पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यात खोचून ठेवावे. बोल्टांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट आखूड छिद्रात आवळला तर इंजिनाचे अंगच फुटते.

एवढे झाले की कॉम्प्रेसर आपल्या हातात आला. पुष्कळांना येथे काम संपले असे वाटते. खरे काम येथे सुरू होते.

तेलाचा जमाखर्च

जुना कॉम्प्रेसर उलटा करून, क्लचची पुढची ताटली हाताने फिरवीत, त्यातील तेल मापाच्या पेल्यात काढावे. दोन गोष्टी पाहाव्यात, किती निघाले आणि कसे निघाले.

किती, हे का पाहावे? नवा कॉम्प्रेसर बहुधा संपूर्ण यंत्रणेला पुरेल एवढे तेल घेऊन येतो. पण आपल्या नळ्यांत, कंडेन्सरमध्ये आणि इव्हॅपोरेटरमध्ये जुने तेल आधीच आहे. नवा तसाच बसविला तर तेल दुप्पट होण्याची वेळ येते. जास्त तेल जाळीच्या आत थर धरते, थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर भार पडतो. कमी तेल राहिले तर तो कोरडा घासून मरतो.

उदाहरण घेऊ. नव्यात १२० मिलिलिटर तेल आहे. जुन्यातून ६० निघाले. म्हणजे नव्यातून ६० काढून टाकावे आणि ६० ठेवावे. जुन्याच्या अंगाला चिकटून राहिलेल्या तेलासाठी १० ते २० मिलिलिटर अधिक ठेवतात. ड्रायर नवा घातला तर त्याच्या वाट्याचे थोडे तेल वेगळे द्यावे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. कोठे फार जुनी गळती असेल, किंवा यंत्रणा धुऊन काढली असेल, तर हा साधा हिशोब चालत नाही. पूर्ण धुतलेल्या यंत्रणेला पूर्ण तेल लागते.

कसे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. तेल स्वच्छ, पाण्यासारखे किंवा किंचित पिवळे-हिरवट असेल तर यंत्रणा निरोगी आहे. तेल काळे असेल आणि उन्हात धरल्यावर त्यात चांदीसारखी चमक दिसत असेल, तर कॉम्प्रेसर आतून झिजून त्याचा ॲल्युमिनियमचा भुगा सर्वत्र पसरला आहे.

आमचे अक्कलखाते

काही वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा कॉम्प्रेसर असाच खडखडू लागला. भाच्याला पान्याचे वेड, त्याने आणि आम्ही मिळून तो अंगणात उतरविला. काम सुरेख झाले, एक बोल्टही हरवला नाही. पेल्यात निघालेले तेल काळे होते. भाचा म्हणाला, "मामू, जुने तेल काळेच असते." आम्ही त्याच्याकडे एकदा पाहिले, तेलाकडे एकदा पाहिले, आणि मान हलविली. ड्रायर बदलण्याचे पैसे वाचविले, नळ्या धुण्याचे कष्ट वाचविले, नवा कॉम्प्रेसर बसवून गॅस भरून घेतला. हवा अशी गार आली की शेजाऱ्यांना बोलावून दाखविली.

चाळीस दिवसांनी नवा कॉम्प्रेसर जाम झाला. जुन्याचा भुगा कंडेन्सरमध्ये बसलेला होता. तो गॅसबरोबर फिरत राहिला आणि नव्याच्या पोटात गेला. दुकानदाराने उतरविलेला कॉम्प्रेसर उघडून आम्हास तो भुगा दाखविला आणि हमी नाकारली. त्याचे म्हणणे रास्त होते. कापडात डाग आमच्या गोदामात पडला तर आम्ही गिरणीला दोष देऊ शकत नाही. एका ड्रायरची किंमत वाचवून आम्ही एका कॉम्प्रेसरची किंमत अक्कलखाती लिहिली. काळे तेल आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, आणि दोष डोळ्यांचा नव्हता.

म्हणून भुगा दिसला तर क्रम असा ठेवावा. नळ्या आणि इव्हॅपोरेटर योग्य द्रवाने धुऊन, कोरड्या नायट्रोजनने फुंकून काढावेत. ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे घालावेत. आजकालच्या कंडेन्सरच्या वाटा इतक्या बारीक असतात की त्या धुऊन स्वच्छ होत नाहीत, तेव्हा तोही बदलण्याची तयारी ठेवावी. एवढा खर्च गाडीच्या किमतीला परवडत नसेल तर वातानुकूलनाशिवाय गाडी चालवावी. अर्धा खर्च करणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. तेल स्वच्छ निघाले तरी यंत्रणा उघडली म्हणजे ड्रायर बदलावा, कारण त्याची शोषण्याची ताकद मर्यादित असते.

परत बसविताना

जुन्या ओ-रिंगा कितीही चांगल्या दिसल्या तरी टाकून द्याव्यात. नव्या रिंगेला त्याच तेलाचा हात लावून बसवावे, म्हणजे ती चिरडत नाही. कॉम्प्रेसरचे सर्व बोल्ट प्रथम बोटांनी लावावेत, मग पान्याने. नळीचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात, तेथे जोर दाखवू नये. पुस्तकातील टॉर्क पाळावा. पट्टा सर्व खाचांत सरळ बसला आहे हे पाहावे. त्यानंतर क्लचची पुढची ताटली हाताने दहा-बारा वेळा फिरवावी. पोटात साचलेले तेल त्यामुळे बाजूला सरकते आणि पहिल्याच झटक्यात कॉम्प्रेसर मोडण्याचा धोका टळतो. गॅस भरेपर्यंत क्लचचा जोड लावू नये.

पुढचे काम पुन्हा मशीनवाल्याचे. गळतीची तपासणी कोरड्या नायट्रोजनने करावी. टायरच्या पंपाची हवा आत घालू नये. त्यातील ओलावा वाईट तर आहेच, शिवाय दाबलेल्या हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो. ऑक्सिजनचे तर नावही काढू नये, तेलाशी गाठ पडताच स्फोट होतो. त्यानंतर व्हॅक्युम पंप निदान अर्धा तास चालवावा. त्याने हवा जाते आणि आतील ओलावा वाफ होऊन निघतो. पंप बंद करून पंधरा मिनिटे काट्यावर नजर ठेवावी. काटा सरकला तर कोठे तरी गळती आहे. काटा स्थिर राहिला तरच चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरावा. "हाताला गार लागेपर्यंत भरतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणावे.

गॅसच्या डब्याबाबतही सावधगिरी हवी. नकली मालाचा फटका किती मोठा असतो याचे उदाहरण २०११ साली जगाने पाहिले. व्हिएतनाममध्ये दुरुस्ती झालेल्या काही शीतपेटी कंटेनरांत आर-१३४ए च्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला वायू भरला गेला होता. हा वायू ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवा लागताच पेटणारे द्रव्य तयार करतो. स्फोट होऊन माणसे दगावली. आपल्या कॉम्प्रेसरचे अंगही ॲल्युमिनियमचेच असते. तेव्हा बिल नसलेला, शिक्का तुटलेला स्वस्त डबा घेऊ नये.

कोणत्या गाडीला घरी हात लावू नये

तीन प्रकारच्या गाड्या घरच्या कामातून वगळाव्यात. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसरला पट्ट्याऐवजी उच्च दाबाची वीज चालवू शकते. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या की पाना खाली ठेवावा. ती वीज जीव घेऊ शकते. त्यांचे तेलही वेगळ्या जातीचे असते, त्यात साधे पॅग मिसळले तर विजेचे आवरण बिघडते. दुसरा प्रकार, ज्यांच्या चिठ्ठीवर आर-१२३४वायएफ लिहिले आहे त्या. हा नवा वायू पृथ्वीला फारसा तापवीत नाही, परंतु तो थोडा ज्वलनशील आहे आणि त्याचे मशीन वेगळे असते. तिसरा प्रकार, क्लच नसलेले कॉम्प्रेसर. पॅकार्डच्या त्या पहिल्या यंत्रासारखे तेही इंजिनाबरोबर सतत फिरतात, म्हणून गॅस काढून गाडी चालवीत घरी आणणे त्यांना मानवत नाही.

प्रवासात कॉम्प्रेसर जाम झाला तर काय करावे, हेही सांगून ठेवतो. काही गाड्यांत ए.सी.चा पट्टा वेगळा असतो. तो काढून टाकला की गाडी निर्धास्त घरी येते. परंतु तोच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवीत असेल तर तो काढून गाडी चालवू नये, इंजिन तापून बसेल. आपल्या गाडीचा पट्टा काय काय फिरवितो हे रस्त्यावर नव्हे, आज घरी असतानाच पाहून ठेवावे.

सारांश, मशीनवाल्याला गॅस काढण्याचे आणि भरण्याचे पैसे खुशीने द्यावेत, ती त्याच्या हत्याराची आणि कसबाची कमाई आहे. मधली मजुरी, म्हणजे उतरविणे आणि चढविणे, आपण वाचवू शकतो. एका कागदावर चार ओळी लिहाव्यात: गॅस निघाला किती ग्रॅम, तेल निघाले किती मिलिलिटर, तेलाचा रंग कोणता, गॅस भरला किती ग्रॅम. हा कागद गाडीच्या पुस्तकात ठेवावा. पुढच्या वेळी कोणी बॉनेट उघडून एका नजरेत निकाल देऊ लागला की तो कागद त्याच्यापुढे धरावा.